नवीन घ्यायच्या आधी गळती शोधा

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊनच वाचायला बसा. राजकारण नाही, पण शेवटी गावच्या कारभाराचा एक प्रश्न आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. लातुरात घरी बसून आठ छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न भरते. हे आडतीवर मुनीम आहेत. लेक पुण्यात होस्टेलवर शिकते. माझं सगळं काम २०१५ साली घेतलेल्या एका कॉम्प्युटरवर चालतं. तो गेली दोन-तीन वर्षं इतका हळू झाला होता की सकाळी बटण दाबायचं, कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या, तेव्हा कुठं टॅली उघडायचं. घड्याळ लावून बघितलं होतं, नऊ मिनिटं.

गेल्या वर्षीची २० ऑगस्ट. महिन्याच्या रिटर्नची शेवटची तारीख. तीन दुकानदारांचं भरायचं राहिलं होतं. रात्री साडेनऊला कॉम्प्युटर गोठला. माऊस हलेना. बंद करून चालू केला, परत तेच. शेजारी जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर एकाचं कसंबसं भरलं. बाकी दोघांचे आकडे माझ्याच कॉम्प्युटरात अडकलेले. बारा वाजून गेले. दिवसाला पन्नास रुपये प्रमाणे दोघांची लेट फी मी माझ्या खिशातून भरली. शंभरच रुपये गेले, पण माझा शब्द गेला त्याचं काय? त्यातले एक काका दहा वर्षांपासूनचे. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी केली. त्यांनी कॉम्प्युटर न बघताच सांगितलं, "ताई, दहा वर्षं झाली, आता नवीनच घ्या." ४८ हजार. हप्त्यानं घेतला तर आणखी वर. घरात बाजूला काढून ठेवलेले पैसे एकच होते, लेकीच्या होस्टेलच्या फीचे. हे म्हणले, "घे, कामाचं यंत्र आहे, फीचं बघू काहीतरी." ते 'बघू' म्हणजे उसनवारी, हे मला कळत होतं.

गल्लीत शेजारच्या मावशींचा नातू आहे, डिप्लोमा झालेला, दुरुस्तीची कामं करतो. त्याला म्हणलं, बाबा, एकदा उघडून तरी बघ. त्यानं अंगणात नेऊन डबा उघडला आणि हसायलाच लागला. "काकू, ह्यात तर गोधडीचा कापूस निघतोय!" पंख्यावर धुळीचा थर बसला होता. पंखा फिरायचा, पण वारा आत जात नव्हता. आत तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी रोज देव्हारा पुसते, टीव्ही पुसते. ज्याच्यावर घर चालतं तो डबा दहा वर्षांत एकदा उघडला नव्हता.

मग त्यानं जे केलं, ते मी वहीत लिहून घेतलं. तुमच्याही उपयोगाचं आहे. आधी फुकटची कामं.

१. सगळ्यात आधी कामाच्या फाइल्सची दुसरी प्रत काढा, पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. ती काढल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

२. धूळ. वायर काढून, डबा उघडून, मऊ ब्रशनं. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो गरगर फिरून खराब होतो. लॅपटॉप स्वतः उघडू नका, जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

३. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप' म्हणून यादी असते. कॉम्प्युटर चालू झाला की आपण न सांगता जे जे आपोआप चालू होतं, ते सगळं तिथं दिसतं. माझ्याकडं सतरा निघाली. त्यातलं एक तर चार वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचं! प्रिंटर गेला, पण त्याचा माणूस रोज सकाळी हजेरी लावत होता. गरजेची तीन-चार ठेवून बाकी 'डिसेबल' केली.

४. माझ्याकडं दोन अँटीव्हायरस होते. कोणी फुकट दिला म्हणून दुसराही टाकला होता. दोन पहारेकरी एकमेकांचीच झडती घेत बसतात. एकच ठेवा. विंडोजमध्ये असतो तो घरच्या वापराला पुरतो.

५. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, तिथं 'टेम्पररी फाइल्स' काढून टाकता येतात. पण त्या यादीत 'डाउनलोड्स' वर खूण नाही ना, हे नीट बघा. नाहीतर कचऱ्याबरोबर चलनंही जातील.

६. 'शट डाउन' आणि 'रिस्टार्ट' एकच नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना ते आपली काही अवस्था साठवून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. म्हणजे कालचा गुंता आज तसाच. आठवड्यातून एक-दोनदा 'रिस्टार्ट' करा, तेव्हा खरी नव्यानं सुरुवात होते.

७. ब्राउझरमध्ये एकावेळी तीस पानं उघडी ठेवायची माझी सवय होती. प्रत्येक पान मेमरी खातं. आता लागतील तेवढीच.

आणि एक न करायचं काम. 'एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर सुसाट' अशा जाहिरातींचं काही डाउनलोड करू नका. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आला तर कट करा. त्यांनी सांगितलेलं ॲप टाकलं की आपला कॉम्प्युटर त्यांच्या हातात जातो, आणि पाठोपाठ बँकेचं खातं.

एवढं केल्यावर नऊ मिनिटांची पाच झाली. एक रुपया खर्च न करता.

मग तो म्हणला, "आता खरं दुखणं बघा." टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' पुढं सारखं १०० टक्के दिसत होतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती फिरते आणि एक सुई जागा शोधत पळते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती कितीतरी पटीनं चपळ असते. त्यानं एसएसडी बसवली, कुणाच्या तरी जुन्या मशीनमधली चार जीबी रॅम जोडली, आणि माझी जुनी हार्ड डिस्क एका डबीत घालून दुसऱ्या प्रतीसाठी ठेवली. मजुरीसकट ३,९०० रुपये. आता बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत चाळीस सेकंद. पोळीचा गोळाही करून होत नाही.

४८ हजारांच्या जागी ३,९००. लेकीची फी वेळेवर गेली.

एक मात्र खरं सांगते. विंडोज १० ला कंपनीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि माझं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाही. मी वर्षभराची वाढीव मुदत नोंदवून घेतली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तेवढ्या वेळात पुढचं ठरवेन, आणि घ्यावं लागलं तर नवीनही घेईन. पण घाबरून, अंधारात, फीच्या पैशांतून नाही.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात घराच्या बचतीचा काय संबंध? तो मलाही नंतर कळला.

कॉम्प्युटर उघडायला नऊ मिनिटं लागायची म्हणून मी तो बंदच करत नव्हते. सकाळी सातला चालू, रात्री दहाला बंद. काम पाच तासांचं, चालू पंधरा तास. त्याच पोराला विचारलं, हा किती वीज खातो रे? तो म्हणला, मीटरलाच विचारा.

ही युक्ती फार सोपी आहे. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी किती लुकलुकींना एक युनिट होतं ते लिहिलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असेल. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा पाव तास, आणि फक्त कॉम्प्युटर चालू ठेवला. पंधरा मिनिटांत ६४ वेळा लुकलुकला. चौसष्टला बत्तीसशेनं भागलं, चारनं गुणलं, झाले ताशी ०.०८ युनिट. म्हणजे ८० वॉट. दिवसाचे दहा तास फुकटचे, महिन्याला २४ युनिट. स्क्रीनवर मासे पोहत होते आणि मी तिकडं भाजी निवडत होते. स्क्रीनसेव्हरनं वीज वाचते असं मला वाटायचं. वाचत नाही. स्क्रीन बंद व्हायला पाहिजे, नाहीतर मशीन 'स्लीप'ला जायला पाहिजे.

मग मीच हट्टाला पेटले. कॉम्प्युटरही बंद केला. सगळं 'बंद' आहे म्हणून मीटरपुढं जाऊन उभी राहिले, तरी दिवा लुकलुकतोच! पंधरा मिनिटांत सोळा. म्हणजे २० वॉट, चोवीस तास, महिन्याला चौदा युनिट. शोधलं तर रिमोटनं बंद केलेला सेटटॉप बॉक्स, वायफायचा डबा, कॉम्प्युटरचे स्पीकर, युपीएस. रिमोटनं बंद म्हणजे झोपलेला, गेलेला नव्हे. आता रात्री भिंतीवरचं बटण बंद होतं. ही जबाबदारी यांच्याकडं दिली आहे आणि ते ती इमानदारीनं पाळतात.

आमचं २०२४ च्या नोव्हेंबरचं बिल होतं १३८ युनिटचं. २०२५ च्या नोव्हेंबरचं आलं १०४ चं. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० पर्यंत जवळपास दुप्पट दर असतो. पुष्कळांना वाटतं, शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच महाग होतं. तसं नाही, फक्त वरचे युनिट महाग पडतात. पण म्हणूनच वाचलेलं प्रत्येक युनिट आधी त्या महाग टप्प्यातून कमी होतं. आमचे अजून चार युनिट जास्त आहेत. पंखे जुने आहेत, ७५ वॉटचे. नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॉटमध्ये चालतात. पण ते लगेच सगळे बदलायचे नाहीत. जो जळेल त्याच्या जागी नवा, असं ठरवलंय.

हे सगळं करताना मला सारखं २०१६ आठवत होतं. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं. टाक्यांपाशी गर्दी करू नये म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पहिलं पाणी आलं, दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. सगळ्या देशानं टीव्हीवर आपली तहान बघितली. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एकानं दोन हजार लिटरची नवी टाकी बसवली. टाकी आली, पाणी कुठून येणार? दोन महिने ती कोरडीच. आमच्याकडं मात्र सासूबाईंनी घरातले सगळे नळ रात्री तपासायला लावले. मोरीतला एक ठिबकत होता, खाली बादली ठेवली. सकाळी आठ लिटर निघालं. एका ठिबकत्या नळाचं, एका रात्रीचं! दोन रुपयांच्या वायसरनं ते थांबलं. लेक तेव्हा लहान होती, तिची अंघोळ परातीत व्हायची आणि तेच पाणी संडासाला.

सासूबाई म्हणायच्या, आधी गळतं कुठं ते बघ, मग कमी पडतंय म्हण. त्यांनी कॉम्प्युटर कधी वापरला नाही. पण माझा कॉम्प्युटर त्यांच्याच हिशेबानं दुरुस्त झाला.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

दिवाळीत सासरच्या गावी गेलो होतो. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक खोली आहे, दारावर 'संगणक कक्ष' लिहिलेलं. कुलूप. तीन वर्षांपासून. आत दहा कॉम्प्युटर, वर चादरी टाकलेल्या. गुरुजी म्हणाले, "ताई, चालत नाहीत, फार हळू झालेत. निर्लेखनाचा प्रस्ताव करणार आहोत, मग नवीन मागू." नवीन कधी येणार? ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे जे पोरगं पाचवीत आलं, ते आठवीत दुसऱ्या शाळेत जाईपर्यंत माऊसला हात न लावता जाणार. आणि पुढं हेच पोरगं आपल्या लातुरात येऊन ऑनलाइन परीक्षा देणार, फॉर्म भरणार, शहरातल्या पोरांच्या शेजारी बसून.

मी म्हणलं, गुरुजी, उघडून बघू का? ते घाबरले. त्यांचंही खरं होतं. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. एखादा भाग इकडचा तिकडं झाला आणि उद्या लेखापरीक्षणात निघालं तर त्यांच्या अंगावर. चांगल्या माणसाचे हात असेच बांधले जातात. न वापरता सडलं तर कुणी विचारत नाही, दुरुस्त करताना बिघडलं तर नोटीस.

मार्ग निघाला तो कागदानंच. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव झाला. कोणत्या मशीनमधून काय काढलं, कोणत्यात काय घातलं, सगळ्याची यादी, त्यावर सह्या, आणि वर कळवलं. डिसेंबरात दोन रविवार गल्लीतला तो पोरगा आणि मी जाऊन बसलो. चार मशीन खरंच मेलेली होती. त्यांची रॅम काढून बाकी सहांना वाटली. सहा एसएसडी, काही कीबोर्ड-माऊस मिळून ११ हजार रुपये लागले, ते गावातून वर्गणीनं जमले. विंडोजच्या अटीत ती बसत नव्हती, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं. मराठी टायपिंग आहे, पत्रं-तक्ते करता येतात, मुलांचं स्क्रॅचही चालतं.

आज सहा चालू आहेत. दोन-दोन पोरं एका मशीनवर बसतात. एकदा वीज गेली तेव्हा बंद पडले, एकाची वायर उंदरानं कुरतडली. सगळं गोड गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण कुलूप निघालं.

आणि मेलेली चार? ती निर्लेखनातच जायला हवीत. फक्त ती भंगारवाल्याच्या गाड्यावर जाऊ नयेत. तांब्यासाठी वायरी जाळतात, सर्किटमधलं शिसं मातीत जातं. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडंच तो द्यायचा असतो. घरचा कॉम्प्युटर टाकतानाही हेच. आणि टाकण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या, तुमची सगळी कागदपत्रं तिच्यात असतात.

नवीन वस्तू मागायला माझा विरोध नाही. शाळांना नवीन कॉम्प्युटर मिळायलाच पाहिजेत, आणि ते मागत राहायचं. पण खरेदीला जसा निधीचा रकाना असतो, तसा दुरुस्तीलाही हवा. वर्षातून एकदा धूळ काढायला, दोन-चार भाग बदलायला. नसेल तर आज आलेले नवीन दहाही पाच वर्षांनी चादरीखालीच जाणार. आपल्याकडं उद्घाटनाला नारळ फुटतो, दुरुस्तीला कुणी फुटाणेसुद्धा वाटत नाही.

म्हणून मंडळी, दोन कामं सांगते.

घरचं काम आज रात्रीच करा. सगळं बंद करून मीटरचा दिवा पंधरा मिनिटं मोजा. ठिबकणाऱ्या नळाखाली बादली ठेवा. कॉम्प्युटरची ती तीन बटणं दाबून यादी बघा.

आणि गावचं काम. आपापल्या गावच्या शाळेत जा, संगणक कक्षाची किल्ली कुणाकडं आहे ते प्रेमानं विचारा. भांडायला जाऊ नका, गुरुजींचे हात मोकळे करायला जा. १ मेच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: किती आहेत, किती चालू आहेत, दुरुस्तीला काय ठेवलंय?

तुमच्या मीटरचा आकडा आणि तुमच्या शाळेतली संख्या खाली कमेंटमध्ये लिहा. ठरावाचा नमुना पाहिजे असेल तर मला मेसेज करा, आमचा पाठवते.

आणि हो, त्या काकांचे रिटर्न आता १५ तारखेलाच भरून होतात. परवा त्यांनी घरी पेढे पाठवले. तेव्हाही काही बोलले नाहीत.